ढोलीतल्या लेकी

आमच्या बाईंना पोटची लेक नव्हती. एक मुलगा, संघदीप, बस. पण दवनीवाड्यापासून कामठ्यापर्यंत त्यांच्या लेकी नांदतात, आणि त्यांचे सोयरे अजूनही आमच्या दारी येतात, म्हणून हे लिहायला बसले. बाई म्हणजे अन्नपूर्णा, माझी थोरली जाऊ. आणि लेकी म्हणजे माश्या. मधाच्या माश्या, सातेरी जातीच्या, अंधाऱ्या पोकळीत घर करणाऱ्या. हसा, हसा. मीही पुष्कळ हसले होते.

मी अल्का. तोंडाची फटकळ आहे, हे सासरी आल्यावर आठवड्याच्या आतच सगळ्यांना कळलं होतं. बाईंचं उलटं. बोलणं कमी, पण एकदा नाही म्हटलं की माझे भासरे शालिकराम, म्हणजे त्यांचा नवरा, तेही पुढं काही बोलत नसत. आमच्या चुली वेगळ्या झाल्या तरी अंगण एकच राहिलं, आणि घरामागची सांदवाडी मधोमध कुंपण घालून दोघींची झाली. बाईंच्या वाडीत कोहळं, कारलं, दोडकं. ते गोंदियाच्या बाजारात नेऊन विकायचं आणि घरची मीठमिरची, पोराची शाळा त्यावर चालवायची. धान घरात यायचं ते खायला. पैसा दिसायचा तो वेलांतून.

नव्याण्णव-दोन हजारच्या सुमारास गावात घरोघरी पाठीवरचे फवारणीचे पंप झाले. जो तो सकाळी उठला की पंप पाठीला लावून निघाला. वांग्यावर मार, वालावर मार, उरलं तर कुंपणावर मार. औषध वाया जाऊ नये म्हणून फुलांवरसुद्धा मारणारे महाभाग आमच्या गावात होते. दोन-तीन वर्षांत पानांवरची कीड काही संपली नाही, पण माश्या मात्र संपल्या. बाईंच्या वाडीत वेलांवर पिवळी फुलं मावत नव्हती, आणि कोहळं बोटाएवढं झालं की पिवळं पडून गळून जायचं. रोज सकाळी वेलाखाली हा सडा.

मग बाईंनी एक काम सुरू केलं. पहाटे उठायचं, नर फूल तोडायचं, त्याच्या पाकळ्या सोलायच्या आणि ते मादी फुलात हलकेच फिरवायचं. एकेका फुलाजवळ वाकून. मी कुंपणाच्या अलीकडून दात घासत पाहायची.

"बाई, आता फुलायचे लगनबी तुमीच लावता काय?"

"माश्या येऊन नाही राहिल्या त कोन लावन?" त्या मान वर न करता म्हणाल्या. "तू येतेस काय?"

मी नाही गेले. आपल्याच्यानं होत नाही बाप्पा असली कामं. पण इतकं करूनही दहातलं एखादं फळ धरायचं, आणि बाईंची कंबर धरायची ती वेगळीच.

आमच्या घरामागं एक छपरी होती, मातीच्या भिंतीची, पुढून उघडी. तिथं सासूबाईंच्या हातची ढोली उभी होती. ढोली आमच्याकडं घरोघरी असायची. बांबूच्या कमच्यांची विणलेली, छातीएवढी उंच, शेणमातीनं लिंपलेली. वरून धान ओतायचं, झाकण लिंपून टाकायचं आणि लागेल तसं बुडाच्या भोकातून काढायचं. भोकाला चिंधीचा बोळा. पण आता धान खळ्यावरूनच पोत्यात भरून जायला लागलं, त्यामुळं ढोल्या रिकाम्या पडल्या. आमच्या ढोलीवर कोंबडी बसायची. बोळा उंदरानं केव्हाच नेला होता.

पळस फुलले होते तेव्हाची गोष्ट. दुपारी छपरीत एकदम घूं घूं आवाज सुरू झाला. जाऊन पाहते तर माश्यांचा लोंढाच्या लोंढा, आणि सगळ्या त्या बुडाच्या भोकातून ढोलीत शिरून राहिलेल्या. मी आहे तिथून ओरडले, "राकेल आना! आगपेटी आना कोनीतरी!"

बाई धावत आल्या आणि ढोलीच्या पुढ्यात उभ्या राहिल्या. माश्यांकडं पाठ, तोंड माझ्याकडं.

"आगपेटी नाही आनाची."

"अवं बाई, घरात लेकरं हायत!"

"आल्या त राहू दे. आपून बोलावलं म्हून आल्या काय? आपून हाकललं तरी आल्या."

तेवढ्यात एकीनं माझ्या पापणीला डंख मारला. डोळा सुजून बंद झाला आणि घरात ज्यानं त्यानं मला पाहून हसून घेतलं. मी बाईंशी चार दिवस बोलले नाही. पण त्या वर्षी कोहळी धरली म्हणता! वेल छपरीवर चढला होता, तिथून फळं खाली लोंबायला लागली, तेव्हा भासऱ्यांनी बांबूचे टेकू लावले. आणि कुंपणाच्या माझ्या बाजूचे दोडकेही धरले. माश्यांना कुंपण कळत नाही, त्याला मी काय करू? मी बोलायला लागले.

बाईंनी मध काढला नाही. लोक विचारायचे, "किती निघते व सहद?" बाई म्हणायच्या, "माह्या वेलाले फळ धरते, ते सहदच हाय." सकाळी वाडीत फेरी मारायच्या, मग ढोलीजवळ पाट टाकून चहा प्यायच्या. त्यांच्याशी बोलायच्याही. नवऱ्याशी दिवसभरात चार वाक्यं न बोलणारी बाई माश्यांना गावच्या बातम्या सांगायची. मी कितीदा ऐकलं, माझ्याबद्दलही सांगायच्या.

दोन हजार पाचला संघदीपचं लग्न ठरलं. पोरगा गोंदियात वायरमनचं काम करायचा, चार लोकांत उठबस, त्याला मातीच्या घरात नवरी आणायची लाज वाटायची. खोटं कशाला बोलू, मलाही स्लॅबचं घर हवंच होतं. धान निघाल्यावर मिस्त्री येणार, मागची छपरी पाडून तिथं दोन खोल्या पडणार, असं ठरलं. संघदीप मायला म्हणाला, "माय, त्या ढोलीले एकदा धुपट देऊन टाकू. जातीन कुठंबी."

"कुठं जातीन?" बाईंनी विचारलं. "सांग ना. गावात दुसरं मोहोळ पाहिलं काय तू?"

त्यानं पाहिलं नव्हतं, कोणीच पाहिलं नव्हतं. बाई बोडीच्या, म्हणजे गावतळ्याच्या, काठची झाडं, विहाराचा पिंपळ, जुन्या वारुळांची तोंडं, सगळं हिंडून आल्या होत्या. दवनीवाड्यात तेवढ्या एका ढोलीतच माश्या उरल्या होत्या. त्या गेल्या की संपलं. पुन्हा फुलांची लग्नं आणि पुन्हा ती गळलेली कोहळी.

"हे मोहोळ मेलं त मी वाडी करत नाही," बाई म्हणाल्या. "नव्या घरात बसून राहीन. तूच पोस मले." आवाज चढला नव्हता, पण संघदीप उठून बाहेर गेला.

मग आम्ही शहाण्यांनी काय केलं? संध्याकाळी सगळ्या माश्या आत गेल्यावर भोकाला चिंधी लावली, चौघांनी ढोली उचलली आणि सांदवाडीत लिंबाखाली नेऊन ठेवली. छपरीपासून हाकेच्या अंतरावर. इतकं सोपं काम, आणि उगाच पोराला दुखवलं, असं मी बाईंना म्हणालेसुद्धा. सकाळी चिंधी काढली. माश्या भराभर उडाल्या. दुपारी छपरीत जाऊन पाहते तर काय, जिथं ढोली उभी होती तिथल्या कोऱ्या भिंतीला सगळ्या चिकटून बसलेल्या! घर नेलं लिंबाखाली, आणि ह्या जुन्याच पत्त्यावर.

"अवं, तुमचं घर तिकडं हाय, तिकडं!" मी हातवारे करून त्यांच्यावर ओरडले. मला काही कळत नव्हतं. राग मात्र भयंकर आला.

बाईंनी सूप आणि केरसुणी घेतली. हळूच माश्या सुपात लोटायच्या, लिंबाखाली न्यायच्या, ढोलीच्या तोंडाशी ओतायच्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. थंडीचे दिवस. भिंतीवर राहिलेल्या माश्या रात्रीच्या गारठ्यानं पटापट खाली पडायच्या. सकाळी बाई त्या मेलेल्या माश्या पदरात गोळा करत बसल्या होत्या. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना रडताना पाहिलं. सासूबाई गेल्या तेव्हाही त्या रडल्या नव्हत्या. मला इतकं वाईट वाटलं की मीही बसून माश्या वेचायला लागले, म्हणजे बघा.

ढोली पुन्हा छपरीत आणून ठेवली. मिस्त्रीला आठवडाभर थांब म्हणून सांगितलं.

बाजारच्या दिवशी बाई कोहळी घेऊन गोंदियाला गेल्या, मी सोबत. तिथं त्यांच्या शेजारी दरेकसाचे उदाराम बसायचे, जंगलातला मध, बेहडा, डिंक घेऊन. बाईंनी त्यांना सगळं सांगितलं. म्हातारा आधी हसला, मग बाईंचा चेहरा पाहून थांबला.

"माशी घर नाही वळखत, बाई. जागा वळखते," ते म्हणाले. "सरकवाचं असन त रोज वीतभर सरकवा. नाही त मंग दोन-तीन कोस दूर न्या, की जुनी वाटच दिसली नाही पायजे. महिना-दीड महिना तिकडं राहू द्या. जुनं विसरतीन, मंग आना घरी."

"वीतभर सरकवाले वेळ नाही जी. मिस्त्री बसून हाय," बाई म्हणाल्या. मग एक कोहळं पुसता पुसता म्हणाल्या, "कामठ्याले माहा भाऊ हाय. छोटेलाल."

"मंग धाडा न माहेरी! चांगलंच हाय."

उदाराम सहज बोलून गेले. पण बाईंच्या मनात तो शब्द घर करून बसला. परत येताना त्या बसमध्ये खिडकीशी बसून स्वतःशीच हसत होत्या. "माहेरी धाडाचं, अल्का. बरोबर हाय. बिचाऱ्या थकल्या हायत."

मग ती वरात निघाली. बैलबंडीत गुडघाभर धानाचं तणस पसरलं, त्यावर ढोली, ढोलीला चारही बाजूंनी गोधड्यांचे टेकू. भोकाला पातळ फडकं बांधलं, वारा जावा म्हणून. बाई ढोलीला कवेत धरून मागं बसल्या आणि खड्डा आला की गाडीवानाला ओरडायच्या, "हळू हाक न गा! आत पोरी हायत!" पहाटे निघालो. वाटेत चहाच्या टपरीवर एकानं ढोलीला कान लावला आणि दचकून मागं सरला.

"काय हाय व हे?"

"लेक हाय माही," बाई म्हणाल्या. "माहेरी नेऊन राहिली."

तो माझ्याकडं पाहायला लागला. मी म्हटलं, "धान हाय हो धान. तुमी चहा प्या."

कामठ्यात छोटेलालच्या घरामागं ढोली ठेवली. शेजारी निर्मलाबाईंची मोठी वाडी होती. हे मोठे शेतकरी. नवरा केवलराम, घरी गडीमाणसं, दारात ट्रॅक्टर. छोटेलालच्या घराशी त्यांचं वाकडं काही नव्हतं. बोलणंचालणं होतं, पण ते कुंपणाशी उभ्या उभ्या. त्या काही अंगणात येऊन बसत नसत. चहा विचारला तर म्हणायच्या, "आताच घेतला." वर्षानुवर्षं त्यांनी आताच घेतलेला असायचा. आम्हाला कळत होतं, आणि आम्हीही विचारल्यासारखं विचारायचो.

इकडं आमची छपरी पडली, खोल्या उभ्या राहिल्या, संघदीपचं लग्न विहारात झालं. तिकडं धान निघालेल्या बांध्यांमध्ये जवस निळी-निळी फुलली होती, मोहरी होती, आणि माश्यांनी खाऊन-पिऊन बाळसं धरलं. बाई दर चार दिवसांनी बसनं जाऊन पाहून यायच्या. एक दिवस छोटेलालचा निरोप आला, ढोलीतून अर्ध्या माश्या बाहेर पडल्या आणि निर्मलाबाईंच्या बोरीवर घोस करून लटकल्या. मी आणि बाई धावलो.

निर्मलाबाई कुंपणाशी उभ्याच होत्या. म्हणाल्या, "अन्नपूर्णाबाई, यंदा माह्या कारल्याले पहिल्यांदा इतकं फळ धरलं. गडी म्हनते, ह्या माश्यांनं. आता माह्याच झाडावर बसल्या हायत, त मले द्या ह्या. पायजे तेवढे पैसे घ्या."

बाईंनी पैशांकडं लक्षच दिलं नाही. विचारलं, "फवारा कवा मारता?"

"सकाऊन. गडी मारते."

"मंग नाही देत."

निर्मलाबाईंना नाही ऐकायची सवय नसावी. मी मध्ये पडून काहीतरी गुळमुळीत बोलायला लागले, तर बाईंनी मला हातानं थांबवलं. "हे पाहा बाई, लेक द्याची त घर पाहाव लागते. मी वाडी पाहाले येतो. मनात आलं त देईन."

आणि खरंच गेल्या. निर्मलाबाईंच्या सगळ्या वाडीत फिरल्या. पाणी कुठं असतं, पसरट भांडं आहे का, त्यात दगड टाकाल का, नाही तर पोरी बुडतात. उन्हाळ्यात फुलायला काय आहे? औषधाचा डबा कुठं ठेवता? मुलीच्या बापानंही इतकं पाहिलं नसतं. शेवटी सांगितलं, "कोहळ्याचं, कारल्याचं फूल मिटल्यावर, दिवस बुडताना मारा फवारा. अन फुलाच्या भरात मारूच नका. कबूल असन त बोला."

निर्मलाबाई आधी चिडल्या, मग त्यांना हसू फुटलं. "कबूल हाय बाई. हुंड्यात आनखी काय?"

"हुंडा नाही. आंदन मी देईन," बाई म्हणाल्या. भावाच्या वाडीतली शेवग्याची फांदी तोडून त्यांच्या हातात दिली. शेवग्याला जवळजवळ वर्षभर फुलं. मग बोरीवरच्या माश्यांवर पाणी शिंपडलं, सुपात उतरवल्या, आणि निर्मलाबाईंच्या घरच्या रिकाम्या ढोलीला जुन्या मेणाचा हात फिरवून त्यात सोडल्या.

"म्हनजे आता आपून ईनबाई झालो," निर्मलाबाई म्हणाल्या. आमच्याकडं विहिणीला ईनबाई म्हणतात.

बाई म्हणाल्या, "झालोच. चहा घेता काय ईनबाई?"

"आताच घेतला," निर्मलाबाई म्हणाल्या, आणि कुंपणापलीकडं गेल्या.

तर अशी पहिली सोयरीक. ढोली दवनीवाड्याला परत आली, सांदवाडीत लिंबाखाली बसली, आणि म्हाताऱ्या उदारामनं सांगितलं तसंच झालं. एकही माशी जुन्या जागेवर गेली नाही. पुढच्या हंगामापासून दरवर्षी एक-दोन घोस बाहेर पडायला लागले आणि बाईंच्या दारी मागणी यायला लागली. लोकांच्या ढोल्या रिकाम्याच पडल्या होत्या. अट एकच, घर पाहीन मग देईन.

टेकचंदचा किस्सा सांगते. हा आमच्याच वस्तीतला, वांगी लावणारा, आणि सकाळचा फवारा मारण्यात सगळ्या गावात पहिला. आला मागायला. बाई म्हणाल्या, "नाही." तो म्हणाला, "अवं वयनी, माशीच त हाय! काऊन इतका ताव खाता?"

"रोज विहारात पहिलं शील म्हनतेस न तू? जीव मारणार नाही म्हून? माह्यापेक्षा मोठ्या आवाजात म्हनतेस."

"हो."

"मंग घरी येऊन पंप कायले लावतेस पाठीले, फुलं उघडी असताना?"

टेकचंदनं आजूबाजूला पाहिलं. वस्तीतले चार लोक ऐकत उभे होते. त्यानं एक हंगाम संध्याकाळी फवारून दाखवला. बाई न सांगता त्याच्या वाडीत जाऊन पाहायच्या, कधी मला धाडायच्या. मी काय हेर आहे? पण जायची. दुसऱ्या वर्षी त्याला लेक मिळाली. तो आता इतरांना शहाणपण शिकवतो, ते ऐकवत नाही.

अशी चार-पाच वर्षं गेली. कुठं छपरीत, कुठं गोठ्याच्या आढ्याला, ढोल्या नांदायला लागल्या. विहाराच्या पिंपळाच्या पोकळ खोडात आपणहून एक मोहोळ लागलं, ते कोणी दिलेलं नव्हतं. त्या दिवशी बाई मला हात धरून दाखवायला घेऊन गेल्या. "पाहा वं, पळून जाऊन लगन केलं एकीनं," म्हणाल्या. बाई अशी थट्टा करतात हे मला तेव्हा कळलं. सुनेनं, खुशबूनं, पोरगी जन्माला घातली. बाई तिला मांडीवर घेऊन ढोलीपाशी बसायच्या.

आणि मग दोन हजार बाराच्या पावसाळ्यात आमच्या ढोलीत रोग पडला. माश्या अळ्या ओढून बाहेर टाकायला लागल्या. त्या अळ्या पाण्यानं भरलेल्या, सुईनं टोचलं की फुटतील अशा. उदारामना दाखवल्या. त्यांनी मान हलवली. औषध नाही म्हणाले. ज्या मोहोळात ताकद असेल ते तरून जातं, ज्यात नसेल ते जातं. तरून गेलं त्याची पिलावळ मग टिकते. पण आपल्या ढोलीचं कोणत्या बाजूनं होणार, ते सांगता येत नाही.

आमची गेली. टेकचंदची गेली, आणखी दोन घरची गेली. दिवाळीच्या आधी बाईंनी झाकण उघडलं तेव्हा आत काळी पडलेली पोळी आणि तळाशी मूठभर मेलेल्या माश्या. रोग दुसऱ्यांकडं जाऊ नये म्हणून त्यांनी सासूबाईंच्या हातची ती ढोली अंगणात ठेवून स्वतः पेटवली. मी म्हटलं, निदान संघदीपला पेटवू द्या. नाही म्हणाल्या. शेवटपर्यंत उभ्या राहिल्या.

त्यानंतर बाई वाडीत जाईनात. लिंबाखालची रिकामी जागा तेवढी रोज सारवायच्या आणि येऊन बसायच्या. वेल कोणी लावले नाहीत. जेवायला बसल्या की भात चिवडायच्या. माझा जीव कासावीस व्हायचा आणि कासावीस झाला की मी भांडते, हा माझा स्वभाव.

"कामठ्याची ढोली जित्ती हाय न, बाई? ईनबाईची? मंग मागून आना एक घोस. येका बसचं काम हाय!"

"दिलेली लेक वापस मागते काय कोनी?" त्या म्हणाल्या.

"अवं माश्या हायत त्या! माश्या!"

"तुह्यासाठी असतीन."

घ्या. सोयरिकीची ही सगळी थट्टा आम्हीच वाढवलेली, आणि आता तीच बाईंच्या आडवी आलेली. दिलेली लेक परत मागायची नाही, म्हणजे नाही. माझं डोकं फिरलं. मी छोटेलालला निरोप धाडला. मागत नाही म्हणावं, बाईंची तब्येत कशी आहे तेवढं ईनबाईंच्या कानावर घाल. उत्तर आलं नाही. धान निघालं, थंडी पडली, संक्रांत गेली, तरी काही नाही. मी कामठ्याच्या दिशेनं मनातल्या मनात भरपूर शिव्या घातल्या. मोठे लोक, गरज सरली, असं काय काय म्हणाले.

पळसाला पुन्हा रंग चढत होता. सकाळी मी अंगण झाडत होते, तर दारात बंडी थांबली. बंडीत तणस, तणसावर गोधड्यांचे टेकू दिलेली ढोली, आणि ढोलीला कवेत धरून निर्मलाबाई. केसांत तणस, पदर विस्कटलेला. ट्रॅक्टरवाल्यांची बाई, बैलबंडीनं पहाटेपासून निघून आलेली.

"ट्रॅक्टरनं हादरे बसते म्हने गडी," त्या उतरता उतरता मला म्हणाल्या, जणू मी तेच विचारलं होतं. "कुठं हायत ईनबाई?"

बाई लिंबाखालून उठून आल्या होत्या. ढोलीकडं पाहिलं आणि जागीच थबकल्या.

"लेक मी वापस नाही घेत," त्या म्हणाल्या. 

"वापस कोन देते?" निर्मलाबाई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या. "रोगातून वाचली, चांगली ठणठणीत हाय. पोळ्याच्या कडेले नव्या राणीचे घर लागले हायत, मी सोता पाहिले. दिवस गेले हायत तिले. पयलं बाळंतपन माहेरी करा लागते का नाही? घोस निघाला की ते बाळ आजीपाशी राहीन. मायले मी वापस नेईन, आधीच सांगून ठेवतो."

तिनं याआधी कामठ्यात कितीतरी घोस टाकले असतील, पहिलं कुठलं! पण मी तोंड उघडलं नाही. फटकळ असले तरी इतकी अक्कल मला आहे.

बाईंनी पुढं होऊन ढोलीला कान लावला. किती वेळ तशाच उभ्या होत्या. मग त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि त्यांनी ते पुसलं नाही. चौघांनी ढोली उतरवली, सारवलेल्या जागेवर ठेवली, भोकाचं फडकं काढलं. एक माशी बाहेर आली, भोकाभोवती मागंपुढं उडून जागा ओळखून घेतली, आणि वाडीकडं निघून गेली. तिच्या मागं दुसऱ्या.

निर्मलाबाईंनी बंडीतून एक मोठं कोहळं उतरवून ओसरीवर ठेवलं. गाडीवान बैल सोडायला लागला. आम्ही दोघी उभ्याच. चहा विचारावा की नाही, माझ्या ओठांवर आलं आणि मी गिळलं. उत्तर ठाऊक होतं. बाईंनीही विचारलं नाही.

निर्मलाबाईंनी चपला काढल्या, ओसरी चढून आत गेल्या आणि बाईंच्या चुलीपुढच्या पाटावर मांडी घालून बसल्या.

"काऊन ईनबाई," त्या म्हणाल्या, "लेक पोचवाले आली, त उपाशी धाडता काय मले?"

बाई माझ्याकडं पाहायला लागल्या. मी भात टाकला. बाईंनी विळी ओढली आणि ते कोहळं चिरायला घेतलं, कितीतरी महिन्यांनी. फोडी करता करता त्या निर्मलाबाईंना गावच्या बातम्या सांगत होत्या, एकामागून एक, आणि माझ्याबद्दलही काहीतरी सांगून दोघी हसल्या. मी ऐकलं, पण त्या दिवशी भांडले नाही. तिघी एका ओळीत जेवलो. निर्मलाबाईंनी भाजी दोनदा मागून घेतली.